दिल्यानंतरचा धर्म

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबवले. पुढची विंडोज ११ बसवायची तर संगणकाचा प्रोसेसर साधारण २०१८ नंतरचा लागतो. त्याआधीचे बहुतेक संगणक, त्यांच्यात काहीही बिघडलेले नसताना, त्या दिवसापासून निकालात निघू लागले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या पतसंस्था, दवाखाने, महाविद्यालये, साखर कारखान्यांची कार्यालये, कर सल्लागारांच्या कचेऱ्या यांनाही हा प्रश्न चुकणारा नाही. याच दोन जिल्ह्यांच्या पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हे कमी पावसाचे तालुके आहेत. तिथल्या मुलीला अभियांत्रिकीला जायचे तर एमएचटी-सीईटी संगणकावर द्यावी लागते. तलाठी भरतीची २०२३ ची परीक्षा संगणकावरच झाली. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो आणि २०२५ पासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाला आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के घरांत संगणक आढळला, शहरी घरांपैकी २३.४ टक्के घरांत. ज्या यंत्रासमोर बसून पुढच्या आयुष्याचा निकाल लागतो, त्या यंत्राला कितीतरी मुलांचा हात परीक्षा केंद्रातच पहिल्यांदा लागत असणार. अशा वेळी कचेरीतले जुने संगणक दुरुस्त करून या मुलांना, बचत गटांना, गावच्या वाचनालयांना द्यावेत, हे मनात येणे स्वाभाविक आहे आणि चांगलेही आहे. मला त्याविषयी एक प्रश्न धर्माच्या अंगाने विचारायचा आहे. आपल्याला नकोसे झालेले दुसऱ्याला दिले, तर ते दान ठरते का?

आपल्या परंपरेत हा प्रश्न फार जुना आहे आणि तो एका मुलाला पडलेला आहे. कठोपनिषदाच्या आरंभी वाजश्रवसाने सर्वस्व द्यायचा यज्ञ मांडला आहे. दक्षिणेसाठी गाई नेल्या जात आहेत, पण त्या थकलेल्या, आटलेल्या, पुन्हा न विणाऱ्या आहेत. मुलगा नचिकेता हे पाहतो आणि अस्वस्थ होतो. असले दान करणारा बाप आनंद नसलेल्या लोकी जाईल, ही त्याची भीती आहे. म्हणून तो विचारतो, मग मला कोणाला देणार? पुढे नचिकेत्याचा यमाच्या घरी होणारा संवाद इतका थोर आहे, की त्याच्या मागे ही सुरुवात झाकली जाते. मला मात्र ती सुरुवातच महत्त्वाची वाटते. एक तर त्या गाई ज्यांना मिळणार आहेत ते ऋत्विज तोंडातून शब्द काढत नाहीत. घेणारा बोलत नाही. दात्याच्या घरातल्याच कोणाला तरी बोलावे लागते. दुसरे असे, की नचिकेत्याला खुपते ते गाईंचे वय नसून त्यांचे आटलेपण आहे. घेणाऱ्याच्या दारात ती गाय दूध देणार नाही, चारा मात्र खाणार आहे. बापाने दुसऱ्याच्या पदरात खर्च घातला आणि आपल्या नावावर पुण्य लावले, हा त्या मुलाचा आक्षेप आहे.

बंद पडायला आलेला संगणक देणारा नेमके हेच करतो. यंत्र आठ दिवस चालते, मग पडद्यावर काही उमटेनासे होते. तालुक्याच्या गावी न्यायचे तर गाडीभाडे, दुकानदाराला दाखवणावळ, आणि शेवटी उत्तर मिळते की याचा भाग आता येत नाही. मग ते माळ्यावर जाते आणि तिथून भंगारवाल्याकडे, जिथे तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात आणि शिशाची धूळ उडते. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. आपला कचरा गरिबाच्या अंगणात नेऊन टाकायचा आणि त्याला दान म्हणायचे, हा प्रकार देशादेशांत झालेला आहे. म्हणून जे लोक असल्या उपक्रमांकडे संशयाने पाहतात त्यांना मी दोष देणार नाही. नचिकेता त्यांच्याच बाजूचा आहे.

महाराष्ट्रात या संशयाला आणखी एक मुळी आहे आणि तिच्याकडे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडे वापरलेली वस्तू वरून खाली कशी आली, याला जातीचा इतिहास आहे. उष्टे अन्न, उतरलेले कपडे, मेलेली जनावरे आणि प्रेतावरचे कापड हे गावाने विशिष्ट जातींच्या वाट्याला दिले आणि त्याला हक्क असे नावही दिले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना हे सगळे सोडून देण्याचे आवाहन केले. भुकेचा प्रश्न त्या दिवशी सुटलेला नव्हता, तरीही हे सोडा असे ते सांगत होते. अन्नापेक्षा काहीतरी मोठे त्या उष्ट्यात गमावले जात होते म्हणून. याच बाबासाहेबांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शिक्षण मिळत होते, पण बसायला गोणपाट घरून न्यावे लागे. शिक्षणाचे साधन देणारा समाज ते देताना माणसाला कुठे बसवतो, हा प्रश्न सातारला सव्वाशे वर्षांपूर्वीच विचारला गेलेला आहे. कोपऱ्यातला, कळांवरची अक्षरे पुसलेला, दुसऱ्याच्या फायली पोटात तशाच असलेला संगणक जेव्हा एखाद्या वस्तीत पोचतो, तेव्हा घेणाऱ्याला त्याचा वास ओळखू येतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात अवज्ञेने दिलेल्या दानाला तामस म्हटले आहे, आणि अवज्ञा दात्याच्या बोलण्यातच असते असे नाही. ती वस्तूच्या अवस्थेतही असते.

तर मग जुने देऊच नये का? हा निष्कर्ष मला मान्य नाही. याच दोन जिल्ह्यांत शेतकरी जुना ट्रॅक्टर घेतो, बाजारातून हाताखालून गेलेला बैल घेतो, विद्यार्थी वरच्या वर्गातल्या मुलाची पुस्तके निम्म्या किमतीत घेतात. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. वस्तू तितकीच वापरलेली असते. फरक इतकाच, की घेणारा ती पाहून, चालवून, नाकारण्याची मोकळीक असताना घेतो. बैलाचे दात तपासता येतात. म्हणजे अपमान वस्तूच्या जुनेपणात नाही. तो निवड नसण्यात आहे, निमूटपणे घ्यावे लागण्यात आहे. उपनिषदातले ऋत्विज गप्प राहिले याचे कारण मला इथे दिसते. दक्षिणा घेणाऱ्याने ती तपासायची नसते, असा संकेत होता. संगणक देताना हा संकेत मोडला पाहिजे. घेणाऱ्याने तो देणाऱ्यासमोर चालवून पाहावा, दोन-तीन यंत्रांतून एक निवडावे, मला संगणक नको, छपाई यंत्र हवे, असे म्हणावे, आणि पटले नाही तर रिकाम्या हाताने व ताठ मानेने परत जावे. एवढी मोकळीक असेल तर जुन्या यंत्राला उष्टेपण चिकटत नाही.

आणि जुन्याला नवे करण्याविषयी आपल्या धर्मपरंपरेला भरपूर काही म्हणायचे आहे. जीर्णोद्धार हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले. पडके देऊळ, गाळाने भरलेली विहीर, फुटलेला तलाव यांना पुन्हा कामाला लावण्याचे पुण्य नवे बांधण्याहून अधिक, असे म्हणणारी वचने धर्मग्रंथांत आहेत. यामागे काटकसर असेल, पण मला आणखी काही दिसते. नवे बांधणाऱ्याला आपले नाव कोरता येते. जीर्णोद्धार करणाऱ्याला दुसऱ्याच्या कामात आपले हात घालावे लागतात आणि बहुधा अनाम राहावे लागते. जुना संगणक उघडून बसलेला तंत्रज्ञ हेच करत असतो. आधी डिस्क पूर्ण पुसायची, कारण तिच्यात कोणाचे पॅनकार्ड, कोणाचे तपासणी अहवाल, कोणाचे कर्जाचे कागद असतात. नुसते डिलीट करून ते जात नाहीत. मग फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची, रॅम वाढवायची, पंख्यातली वर्षानुवर्षांची धूळ काढायची, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट खरवडून नवी लावायची, बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी बदलायची, एसएमपीएस नीट वीज देतो का ते मोजायचे. एवढे केले की पूर्वी सुरू व्हायला पाच मिनिटे लावणारे यंत्र अर्ध्या मिनिटात उभे राहते. त्यावर लिनक्स बसवली तर विंडोजच्या तारखेचा प्रश्नच उरत नाही. केरळमधल्या सरकारी शाळा गेली कितीतरी वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकवत आहेत, आणि ते वापरायचे कसे हे मराठीतून शिकवणारे आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल विनामूल्य उपलब्ध आहे. वाईला घडत आलेला मराठी विश्वकोश आज घरबसल्या फुकट वाचता येतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्यासाठी उमर घालवली तो ग्रंथसंभार माणमधल्या वस्तीवर उघडतो, ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही. अर्थात एमएस-सीआयटीच्या वर्गात आणि नोकरीच्या ठिकाणी बहुधा विंडोजच समोर येते, हे घेणाऱ्याला आधीच सांगितले पाहिजे. माऊस, कळफलक, फाइल जपणे आणि शोधणे दोन्हीकडे सारखेच असते. उरलेला फरक शिकवून घेता येतो.

म्हणजे आटलेली गाय पुन्हा दुभती करता येते, ही यंत्राच्या बाबतीत शक्य असलेली गोष्ट आहे. पण ती करणाऱ्याच्या श्रमाशिवाय होत नाही. म्हणून या व्यवहारातले खरे दान कचेरीने दिलेल्या पेटीत फारसे नाही. ते दुरुस्तीला बसलेल्या माणसाच्या संध्याकाळींत आहे. दिगंबर जैन परंपरा आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगते. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेचे मुख्य कार्यालय सांगलीत आहे, आणि या भागातल्या कितीतरी शिक्षणकार्यांना त्या चार दानांच्या शिकवणीचे बळ आहे. या चारांत औषध आणि शास्त्र शेजारी आहेत, याचा मी संगणकाच्या निमित्ताने विचार करतो. मुदत संपलेले औषध कितीही भक्तिभावाने दिले तरी ते औषधदान होत नाही. कुराणातही दुसऱ्या सुरेत टाकाऊ वस्तू दानासाठी निवडू नका, अशी ताकीद आहे. देवाच्या नावाने दिलेल्या वस्तूचा कस लागायचा तो घेणाऱ्याच्या हातात, याबद्दल धर्माधर्मांत वाद नाही.

इथपर्यंत प्रश्न वस्तूचा होता. त्याहून अवघड प्रश्न दिल्यानंतरचा आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री याने चतुर्वर्गचिंतामणी हा प्रचंड ग्रंथ रचला. त्यात दानावर स्वतंत्र खंड आहे. दाता, घेणारा, श्रद्धा, देण्याची वस्तू, स्थळ आणि काळ ही दानाची सहा अंगे धर्मशास्त्राने मानली आहेत. शास्त्राच्या व्याख्येत दान म्हणजे वस्तूवरचे आपले स्वामित्व संपवून दुसऱ्याचे उभे करणे. हातावर पाणी सोडले, माझे नाही म्हटले, की दाता मोकळा झाला. या व्याख्येत एक उदात्तता आहे, कारण तिने दात्याला पुन्हा हक्क सांगण्याची बंदी केली. पण तिची एक पळवाटही झाली. सहा अंगांत दुसऱ्या दिवसाचे अंग नाही. ती उणीव शास्त्रग्रंथांबाहेर, ताम्रपटांत भरून काढलेली दिसते. या भागाशी निगडित जुने ताम्रपट आहेत. साताऱ्याचा ताम्रपट पूर्व चालुक्य घराण्याच्या विष्णुवर्धनाचा आहे, आणि सांगली ताम्रपट या नावाने ओळखला जाणारा राष्ट्रकूट राजा चौथ्या गोविंदाचा लेख शके ८५५ चा, म्हणजे इसवी सन ९३३ चा आहे. भारतभरच्या अशा दानपत्रांच्या अखेरीस काही ठरावीक श्लोक येतात. त्यांतल्या एकाचा आशय असा, की देणे आणि दिलेले राखणे यांची तुलना केली तर राखणे श्रेष्ठ. पुढच्या राजांनी आधीच्याचे दान मोडू नये म्हणून हे लिहिले जाई, हे खरे. तरीही त्यातला विचार राजांपुरता राहत नाही. दानाचा जीव दिल्याच्या क्षणात नसून पुढच्या वर्षांत आहे, असे तो सांगतो. साताऱ्याजवळ लिंब येथे विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली बारा मोटांची विहीर आज लोक पाहायला जातात. पण कोणतीही विहीर, कोणीही बांधलेली असली, तरी ती उपसणारे कोणी नसेल तर पिण्याजोगी राहत नाही.

माझे या विषयातले म्हणणे एवढेच आहे. जुना संगणक देणे धर्माला धरून आहे, पण देऊन मोकळे होणे धर्माला धरून नाही. स्वामित्व सोडावे, जबाबदारी सोडू नये. दुरुस्त करून दिलेल्या यंत्राला पहिल्या वर्षात कोण पाहणार, वीज वरखाली झाली आणि एसएमपीएस गेला तर कोणाला फोन करायचा, विसरलेला पासवर्ड कोण काढून देणार, आणि तीन-चार वर्षांनी ते खरोखर संपले की घेऊन कोण जाणार, हे देण्याच्या आधी ठरले पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांना आणि पुनर्वापर करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक केली आहे. शेवटी यंत्र अशाच नोंदणीकृत ठिकाणी गेले पाहिजे. यात स्थानिक परिस्थितीचाही विचार येतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नदीकाठच्या गावातल्या वाचनालयाला तळमजल्यावर चार संगणक दिले आणि पाणी चढू लागल्यावर ते वर कोणी न्यायचे हे ठरलेच नसेल, तर ते दान पहिल्या पुरापर्यंतचे आहे. ही बारीकसारीक व्यवस्था धर्मचर्चेत शोभत नाही असे कोणाला वाटेल. मला वाटते, राखण्याचा धर्म अशाच व्यवस्थेत राहतो.

यावर पहिला मोठा आक्षेप त्यागाचा येईल, आणि तो साताऱ्याच्या मातीतूनच येईल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. वसतिगृहातल्या मुलांसाठी घरात काही उरले नाही, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. गावोगावच्या बायका दळायला बसण्याआधी मूठभर धान्य संस्थेसाठी बाजूला काढत. ती मूठ त्या दिवसाच्या भाकरीतली होती, उरलेल्यातली नव्हती. ज्या जिल्ह्याने असे दान पाहिले, तिथे धूळ खात पडलेला संगणक देणाऱ्याने दाता म्हणवून घ्यावे का? हा आक्षेप मला खरा वाटतो आणि त्याला बगल द्यायची नाही. लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राशेजारी कोणत्याही कचेरीचा जुना संगणक ठेवता येणार नाही. ज्याला देताना काही तुटत नाही त्याने मोठेपणा घेऊ नये. पण दात्याचा त्याग कमी आहे म्हणून घेणाऱ्याची गरज कमी होत नाही. आणि त्याग कुठून आणायचा याचे उत्तरही आहे. वस्तूत तो नसेल तर वेळेत असू शकतो. जुन्या यंत्रासोबत नवी एसएसडी स्वतःच्या पैशाने घालणे, महिन्यातून एक रविवार त्या गावाला देणे, मुलीला पहिले पत्र टाइप करेपर्यंत शेजारी बसणे, हे आजच्या माणसाच्या भाकरीतले आहे. वेळ हीच त्याची मूठ.

याच कर्मवीरांकडून मला दुसरी गोष्ट घ्यावीशी वाटते. त्यांच्या संस्थेने स्वावलंबी शिक्षण हे ब्रीद मानले आणि कमवा आणि शिका ही योजना रुजवली. वसतिगृहातला मुलगा शेतात राबे, स्वयंपाक करे, बांधकामाला हात लावे. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी साताऱ्याच्या ज्या बोर्डिंगला महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव मिळाले, तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, जेवत आणि काम करत. फुकट घेण्याची सवय माणसाला वाकवते हे भाऊरावांनी ओळखले होते. तरीही गरिबाकडून फी घेऊन त्यांनी ती सवय मोडली नाही. त्यांनी त्याच्या श्रमाला मोल दिले. अंशू गुप्ता यांच्या गूंज संस्थेने जुन्या कपड्यांच्या बाबतीत हेच केले. गावकरी विहीर, रस्ता, बंधारा असे स्वतःच्या गावाचे काम करतात आणि कपडे त्या श्रमाचे मोल म्हणून घेतात. २०१५ मध्ये गुप्तांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो अशा विचारासाठी. संगणकाच्या बाबतीतही ज्याला यंत्र मिळाले त्याने शेजारच्या दोघांना टायपिंग शिकवावे, वाचनालयात आठवड्याचे काही तास द्यावेत, आणि जमल्यास दुरुस्तीच शिकावी. सांगलीत १९४७ पासूनचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, दोन्ही जिल्ह्यांत आयटीआय आहेत. ज्या गावात यंत्र जाते त्याच गावातला मुलगा ते उघडायला शिकला, तर पुढच्या यंत्रासाठी त्या गावाला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही. बाराव्या शतकातला यहुदी धर्मपंडित मैमोनिदीस याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आणि घेणाऱ्याला पुन्हा घ्यावे लागू नये असे देणे सर्वांत वर ठेवले. कर्मवीरांनी हे सातारला करून दाखवले.

मोबाइल सगळ्यांकडे आहेत, मग संगणक कशाला, असेही विचारले जाते. मोबाइलवर पाहता येते, ऐकता येते, पैसे पाठवता येतात. पण पाच पानांचा निबंध लिहिणे, बचत गटाचा हिशेब तक्त्यात मांडणे, प्रोग्राम लिहून तो का चुकला हे शोधणे, सरकारी संगणक टायपिंग परीक्षेची तयारी करणे यांसाठी मोठा पडदा आणि कळफलक लागतो. ज्यांच्या मुलांना घरी लॅपटॉप आहे त्यांनी दुसऱ्याच्या मुलाला मोबाइल पुरे म्हणू नये.

याच्या उलट बाजूचा आक्षेप अधिक गंभीर आहे. पडद्यांनी मुलांचे लक्ष खाल्ले, मग आणखी एक पडदा कशाला द्यायचा? या आक्षेपाला उत्तर सांगली जिल्ह्यातल्या एका गावाने दिले आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवले, की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद, मुलांनी त्या वेळात अभ्यास करायचा. गावाने यंत्रे फेकली नाहीत. यंत्राला वेळेची मर्यादा घातली आणि ती मर्यादा एकट्या मुलावर न टाकता सगळ्या गावाने, मोठ्यांनीही पाळली. साधन आणि संयम एकत्र नांदू शकतात याचा हा जिवंत पुरावा आहे. म्हणून मला एकेका घरात यंत्र पोचवण्यापेक्षा आधी वाचनालयात, समाजमंदिरात, शाळेच्या खोलीत ते ठेवणे बरे वाटते. तिथे चार जणांची नजर असते आणि एक यंत्र अनेकांच्या उपयोगी पडते.

शेवटचा आक्षेप न्यायाचा आहे. शिक्षणाची साधने देणे हे शासनाचे काम, २००९ च्या कायद्याने शिक्षण हा मुलाचा हक्क, मग हक्काच्या जागी दान आणून आपण शासनाला सोडवतो का? हा धोका खरा आहे. ज्या शाळेत देणगीचे संगणक पोचले ती शाळा सरकारी यादीतून गळली, तर दात्याने त्या मुलांचे नुकसानच केले. म्हणून दान मिळालेल्या शाळेने आपली मागणी मागे घेऊ नये आणि दात्याने त्या मागणीवर सही करावी. हक्क मिळायला लागणाऱ्या वर्षांत एक मुलगी अकरावीतून पदवीपर्यंत जाते. तिने तोवर थांबावे असे सांगण्याचा अधिकार न्यायाची भाषा बोलणाऱ्यालाही नाही. भाऊराव सरकारकडे अनुदान मागत राहिले आणि त्याच वेळी मुठीने धान्यही गोळा करत राहिले. त्यांना त्यात विसंगती दिसली नाही, मलाही दिसत नाही.

ज्यांच्या कचेरीत आज असे संगणक पडून आहेत त्यांना माझी विनंती आहे. ते भंगारात काढण्याआधी चालू स्थितीत आणा, डिस्क पुसून घ्या, वायर आणि कळफलक सोबत द्या, आणि ज्यावर तुम्ही स्वतः एक दिवस काम करू शकणार नाही असे यंत्र कोणाला देऊ नका. देण्याचा समारंभ करू नका, मुलांना हार घालून रांगेत उभे करून त्यांचे फोटो काढू नका. घेणाऱ्याला पसंत करू द्या, नाही म्हणू द्या. आणि यंत्राच्या मागच्या बाजूला संस्थेच्या नावाची पट्टी लावण्याऐवजी, बिघडले तर उचलला जाईल असा एक फोन नंबर लिहा.